आप्पांच्या हातातली बाटली

मनिषाने डब्याचं झाकण उघडायच्या आधी फोनच पुढे केला. "मॅडम, हे तुमचे वडील ना? खाली तुमच्याच आडनावाचं दुकान हाय, आंबाजोगाईचं. या वयात काय तेज हाय बघा चेहऱ्यावर." मनिषा पंधरा दिवसांपूर्वी गेवराईहून बदलून आलेली, तिला काहीच माहीत नव्हतं. बीडच्या पालिकेत जन्म-मृत्यूच्या टेबलावर दोघी शेजारी बसायच्या आणि दुपारी एकत्र जेवायच्या, एवढीच ओळख. रुद्राणीने पोळीचा तुकडा हातात तसाच धरून पाहिलं. आप्पा होते. डोक्याला पांढरा रुमाल, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगावर हिरव्या काठाची शाल, आणि ते थेट तिच्याकडे बघत होते. मग व्हिडिओत त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या आणि किंचित मान हलवली. पहिल्या क्षणी तिला बरं वाटलं. हे ती नंतर स्वतःपासूनही लपवायला बघत होती, पण खरं तेच होतं. चार महिन्यांनी आप्पा दिसले होते आणि चांगले दिसले होते. मग तिची नजर खाली घसरली. आप्पांचा डावा हात छातीपाशी होता, तळवा वर केलेला, आणि त्या तळव्यावर तांब्याची एक चकचकीत बाटली उभी होती. तिच्याखालून अक्षरं सरकत होती: 'आप्पाज कॉपर. आप्पांचा आरोग्यमंत्र आता तुमच्या घरी. धनत्रयोदशी स्पेशल.' मनिषा म्हणाली, "मी तर एक घ्यायची म्हणतेय. तुमच्या ओळखीनं काही कमी होईल का?" रुद्राणीने तुकडा डब्यात परत ठेवला आणि डबा बंद केला.

त्या तळव्यावर बाटली नव्हती. आप्पा गेले जूनच्या नऊ तारखेला, सकाळी सातच्या सुमारास, आणि ज्या फोटोवरून हा व्हिडिओ केला होता तो त्याच दुपारी साडेबाराचा. तो तिनेच काढलेला. त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालतात, भस्म लावतात, रुमाल बांधतात आणि भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. आयुष्यभर तो पूजेला जसा बसला तसाच, डाव्या तळव्यावर त्याचं स्वतःचं, जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग ठेवून. मग तसंच विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवून भजन म्हणत नेतात आणि बसल्या जागीच मातीत सोपवतात. आप्पांची मान एका बाजूला जात होती म्हणून शालीच्या आतून पांढऱ्या कापडाची पट्टी घेऊन ती मागच्या खिडकीच्या गजाला बांधली होती, आणि त्या पट्टीचं टोक खांद्यापाशी थोडं बाहेर दिसत होतं. तेही या फोटोत होतं. बघणाऱ्याला उपरणं वाटेल. जिवंतपणी आप्पांनी कधी धड फोटो काढू दिला नाही. कॅमेरा समोर आला की हात आडवा करायचे, "गिऱ्हाईक हाय, नंतर बघू" म्हणायचे. घरातल्या प्रत्येक लग्नात ते आहेत आणि प्रत्येक फोटोत त्यांचा आडवा हात आहे. त्या दुपारी मात्र ते समोर शांत बसले होते, हात आडवा करणार नव्हते, आणि तिला वाटलं, एक तरी असू द्यावा. तिने फोन वर धरला. रडणाऱ्या बायकांमधून कुणीतरी तिच्याकडे वळून बघितलं तेही तिला आठवत होतं. संध्याकाळी तिने तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली काही न लिहिता. आता तिला वाटलं, आप्पांनी सत्तर वर्षं जे होऊ दिलं नाही ते आपण एका बोटाने करून टाकलं. मग तिला ते डोळे आठवले. फोटोत आप्पांचे डोळे मिटलेले होते. हे डोळे कुणाचे होते?

तिने भावाला फोन लावला. सिद्धाराम तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आप्पांच्या मागे दुकान त्याच्याकडे. त्याने फोन उचलला नाही. 'गर्दी आहे, नंतर' असा निरोप आला आणि पाठोपाठ हात जोडलेलं चित्र. तिने साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा 'वडिलांचं काम आहे' असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि ते ऐकताना साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, कारण आप्पांच्या मृत्यूची नोंद ज्या कागदावर झाली तो कागद तिने जूनमध्ये त्यांनाच दाखवला होता. ती पर्स उचलून निघाली. आंबाजोगाईची गाडी लागलेलीच होती.

गाडीत बसल्यावर तिने दुकानाचं पान उघडलं. आजवर तिने ते पाहिलं नव्हतं, तिला त्याची गरज वाटली नव्हती. दुकान तिला पाठ होतं. पण हे दुकान वेगळंच होतं. तिथे एक ब्लॉग होता, 'आप्पा सांगतात' नावाचा, दर सोमवारी एक लेख, आणि सगळे लेख जिवंत माणसाचे. 'नमस्कार मित्रहो, मी तुमचा आप्पा. माझं वय चौऱ्याहत्तर, पण मी आजही रोज पहाटे चारला उठतो आणि तांब्याचं पाणी पितो.' रुद्राणीने हे दोनदा वाचलं. आप्पा उठायचे साडेसहाला आणि उठल्या उठल्या चहा मागायचे, तोही स्टीलच्या पेल्यात, वर आणखी अर्धा. भेटणाऱ्याला त्यांनी जन्मात कधी 'नमस्कार मित्रहो' म्हटलं नाही, ते 'शरणार्थ' म्हणायचे. पुढच्या लेखात आप्पांची सांधेदुखी बाटलीने पळाली होती. आप्पांना सांधेदुखी कधी नव्हतीच, त्यांना दमा होता, आणि दम्यानेच ते गेले. खाली लोकांनी विचारलेलं, आप्पा, बाटली रोज घासायची का? आप्पा, शुगरवर चालते का? आणि आप्पांनी एकेकाला उत्तर दिलं होतं. जुलैमध्ये दिलं होतं, ऑगस्टमध्ये दिलं होतं, परवा रात्री दिलं होतं. 'होय दादा, शुगरवर उत्तम.' शेजारचा माणूस भुईमुगाच्या शेंगा सोलून टरफलं तिच्या पायाशी टाकत होता, आणि त्याला ओरडावं असं तिला फार वाटलं, निव्वळ कुणावर तरी ओरडायला मिळावं म्हणून.

शुगरवर उत्तम. ज्या माणसाने गिऱ्हाईक दारातून परत पाठवलं, त्याच्या तोंडी हे शब्द. एकदा धर्मापुरीहून एक जोडपं मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलं होतं. रुद्राणी तेव्हा नववीत, सुट्टीत गादीच्या कोपऱ्यात बसलेली. त्यांनी हंडा पसंत केला, आप्पांनी तो उचलला, बोटाच्या गाठीने वाजवला आणि बाजूला ठेवला. "हा नका घेऊ. पत्रा पातळ आलाय ह्या खेपेला. चौकातल्या दुकानात बघा, त्येच्याकडं जाड हाय." बाई ओशाळून म्हणाली, मग तुमचं कसं व्हायचं? आप्पा म्हणाले, "माझं होतंय." तांब्याच्या भांड्यात ताक ठेवू नका, चिंच लावू नका, हे ते प्रत्येकाला बजावून सांगायचे, एकदा सोडून दोनदा, पैसे घेण्याआधी. आणि मग नावं घालायला बसायचे. सगळा बाजार यंत्रावर गेला तरी आप्पा छिन्नी आणि लहान हातोडी घेऊनच बसायचे, ठिपक्याला ठिपका लावत, डाव्या डोळ्यात लहानपणापासून फूल पडलेलं म्हणून मान उजवीकडे कलती करून. कुणी दिलं, कुणाला दिलं, तारीख. अख्ख्या तालुक्यात कुणाच्या फडताळातलं भांडं उलटं करा, आप्पांचं अक्षर सापडेल, पण आप्पांचं नाव सापडणार नाही. ती एकदा म्हणाली होती, दुकानाचं नाव पण घाला की खाली, फुकटात जाहिरात होईल. आप्पांनी हातोडी थांबवली नाही. "भांडं त्येंचं हाय. त्येंच्या भांड्यावर माझं नाव कावून घालू?" हे आठवलं तेव्हा गाडी केज ओलांडत होती, आणि रुद्राणीच्या लक्षात आलं की फोटोतले ते उघडे डोळे दोन्ही एकसारखे, स्वच्छ, तपकिरी आहेत, आणि मान अगदी सरळ आहे. कुठल्या तरी यंत्राने आप्पांचं फूल काढून टाकलं होतं. शस्त्रक्रिया करायला आप्पा भ्यायले होते, आणि मेल्यावर त्यांची ती फुकटात झाली.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वी धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात जेवढी गर्दी असायची त्याच्या तिप्पट. आप्पांची गादी काढून तिथे काचेचं कपाट आलं होतं आणि त्यात बाटल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर यंत्राने कोरलेलं 'आप्पाज'. सिद्धारामने तिला पाहिलं, चेहरा क्षणभर उतरला, मग हसला. "अक्का, सांगून तरी यायचं. मागं बस, चहा सांगतो." तिने गिऱ्हाइकांसमोरच विचारलं, "तो फोटो कोणता लावलास?" तो तिचं कोपर धरून तिला मागच्या खोलीत घेऊन आला. तिथे लॅपटॉप घेऊन एक तिशीचा माणूस बसला होता, जीवन. दुकानाचं सगळं ऑनलाइन काम तो बघायचा. मूळचा उमापूरचा, घरी मेंढरं; इथे कॉलेजला आला आणि राहिला, आता गावातल्या चार-पाच दुकानांची पानं चालवत होता. तो पटकन उठून उभा राहिला. "ताई, नमस्कार. आप्पांचा फोटो लई चालला बघा. साडेचार लाख लोकांनी बघितलाय. मला दादा म्हणले होते, समोरून काढलेला स्वच्छ फोटो एकच हाय, ग्रुपवर. सत्काराचा हाय ना तो?"

"सत्काराचा?" रुद्राणी म्हणाली.

"म्हंजे, हार होता, शाल होती, खुर्चीसारखं मागं सजवलं होतं. हार मी काढला. डोळे मिटलेले होते, कॅमेऱ्यात मिटतेतच, ते उघडले. हातात काहीतरी काळं होतं, कळत न्हवतं काय हाय, तिथं आपलं प्रॉडक्ट बसवलं. हात अगदी बरोबर होता त्याला."

रुद्राणी खाली बसली. तिचा राग या माणसावर काढायचा म्हणून ती अडीच तास गाडीत वाक्यं जुळवत आली होती, आणि आता त्याच्याकडे बघून तिला ती एकेक करून टाकून द्यावी लागली. ती शांतपणे म्हणाली, "आमच्यात गेलेल्या माणसाला बसवतात. हातात होतं ते त्यांचं लिंग होतं. ते जाऊन साडेपाच तास झाले होते." जीवनने लॅपटॉपवरचा हात काढून घेतला, जसा काही तो कुणाच्या तरी चेहऱ्यावर होता. "आमच्यात झोपवतेत," तो म्हणाला, स्वतःशीच. "मी तर रोज... मी त्येंच्या तोंडावरून माउस फिरवलाय ताई. पापण्यांवरून. मला कुणी काहीच बोललं न्हाई." मग तो सिद्धारामकडे वळला. "दादा, तुमाला ठावं होतं?"

सिद्धाराम दाराशी उभा होता. "ठावं नसायला काय झालं? मीच बांधलं होतं त्येंना खिडकीला." तो हे इतक्या साधेपणाने बोलला की रुद्राणीला क्षणभर तोच एकटा शहाणा आहे असं वाटलं. "मग काय करू? लोक चेहरा मागतेत. नुसती बाटली कुणी बघत न्हाई, ह्यानंच सांगितलं मला, चेहरा लावा, गोष्ट लावा. आप्पांचा दुसरा फोटो हाय का एक तरी? सगळ्यात हात आडवा. आणि अक्का, तूच बघ, वाईट दिसतेत का? जिवंतपणी न्हवते इतके चांगले दिसतेत."

"ते हो म्हणले असते?"

"ते काहीच म्हणले नसते. त्येंनी कधी काय म्हणलंय? तू बीडला गेलीस, पगार घेतलास. मी हितं वीस वर्षं त्येंच्या शेजारी बसून गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात जाताना बघितलंय. स्वतः सांगून धाडायचे. पातळ हाय म्हणायचे. आज बाहेर बघ, उभं राहायला जागा हाय का? आप्पांमुळंच हाय ना? मग हे त्येंचं पुण्य समज की."

"आणि शुगरवर उत्तम, हे कोण म्हणालं? दम्यानं गेलेला माणूस?"

त्याने मान वळवली. खरं म्हणजे तिला खूप बोलायचं होतं. तिला म्हणायचं होतं की तू आप्पांना विकलंस असं मी म्हणणार नाही, विकणं हा आपला धंदाच आहे. पण तू त्यांना खोटं बोलायला लावलंस, आणि तेही जेव्हा त्यांना तोंड उघडून नाही म्हणता येत नव्हतं तेव्हा. तिला म्हणायचं होतं की ते लिंग त्यांच्या गळ्यात सात दिवसांचे असल्यापासून होतं आणि त्यांच्याबरोबरच मातीत गेलं, दुसऱ्या कुणाच्या हाती ते द्यायचं नसतं, आणि तू तिथे सातशे रुपयांची बाटली उभी केलीस. यातलं तिने शेवटचं तेवढं बोलून दाखवलं. सिद्धाराम म्हणाला, "धनतेरस होऊ दे. मग काढतो, तुझी शपथ. आजच मांजरसुंब्याच्या चौकात बोर्ड लागलाय, महिन्याचं भाडं भरलंय. आता कसं काढू?" जीवनने बॅग खांद्याला लावली. "दादा, मी आज काढून टाकतो सगळं. पैसे नका देऊ." सिद्धाराम खेकसला, "काय झालं बे तुला? पान माझ्या नावावर हाय. कशाला हात लावशील तर बघ." जीवन म्हणाला, "पासवर्ड तुमच्याकडं हाय. मी आजपासून ह्याला शिवणार न्हाई." तो रुद्राणीच्या पाया पडला आणि मागच्या दाराने गेला. बाहेरून कुणीतरी विचारत होतं, आप्पा कधी बसतात दुकानात, आम्हांला त्यांच्या हातूनच घ्यायची आहे. सिद्धारामने आतूनच उत्तर दिलं, "येतील, येतील, विश्रांती घेतेत."

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली नाही. खिडकीशी एक बाई होती, पन्नाशीची, मांडीवर पिशवी, गप्प. उन्हं कलली होती. रुद्राणीने फोन काढला, आप्पांचा तो व्हिडिओ उघडला आणि खाली लिहिण्याच्या जागी बोट ठेवलं. पालिकेत ती दिवसाला दहा-बारा माणसांच्या नावापुढे 'मृत' असं लिहायची, कधी हात अडला नव्हता. इथे तिला चार वेळा लिहून खोडावं लागलं. शेवटी लिहिलं: 'हे माझे वडील. ते ९ जूनला वारले. हा फोटो त्यांच्या मृत्यूनंतरचा आहे. हातात बाटली नव्हती. कृपया हे पसरवू नका.' तिने पाठवलं आणि फोन उपडा मांडीवर ठेवला. दोन मिनिटांत तो थरथरला. आप्पांचं उत्तर होतं, त्यांच्या गोल चेहऱ्याशेजारी: 'धन्यवाद मॅडम. तुमचं प्रेम असंच राहू द्या. एकदा दुकानाला अवश्य भेट द्या.' आपोआप जाणारं उत्तर आहे हे तिला कळत होतं. सगळ्यांना तेच जात असणार. तरी मॅडम हा शब्द तिने बराच वेळ बघितला. आप्पा तिला रुद्रे म्हणायचे, रागावले तर बाई म्हणायचे, आणि शेवटच्या आठवड्यात धाप लागून नाव पूर्ण होत नव्हतं तेव्हा नुसता हात हलवायचे. तिने पुन्हा लिहिलं, या वेळी रागाने, भराभर, भावाचं नाव घालून. पाठवायला बोट टेकवलं तर ते जाईना. तिने पान पुन्हा उघडलं. पांढरं होतं. इंग्रजीत एक ओळ होती, असं काही इथे नाही अशा अर्थाची. तिने दुकानाचं नाव टाकून शोधलं, आप्पांचं नाव टाकून शोधलं. बाटल्या नव्हत्या, ब्लॉगचा दुवा नव्हता, डोळे उघडणारे आप्पा नव्हते. सिद्धारामने तिला ब्लॉक केलं होतं. म्हणजे आता जिल्ह्यातल्या कुणालाही आप्पा बघता येणार होते, त्यांना काहीही विचारता येणार होतं, ते उत्तर देणार होते, आणि एवढ्या सगळ्यांत तिलाच तेवढे दिसणार नव्हते. ती हसली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

मांजरसुंब्याला गाडी दहा मिनिटं थांबली. माणसं चहाला उतरली, ढाब्यांवरचे दिवे लागत होते. चौकात, पुलाच्या अलीकडे, नवा बोर्ड होता, दोन मजले उंच, आणि त्यावर खालून सोडलेल्या झोतात आप्पा मांडी घालून बसले होते. इतक्या मोठ्या आकारात खांद्यापाशी बाहेर आलेलं पट्टीचं टोकही स्पष्ट दिसत होतं, हातभर लांब. रुद्राणी बघत राहिली. शेजारच्या बाईनेही मान उचलून पाहिलं आणि गाडीत बसल्यापासून पहिल्यांदाच बोलली.

"ह्ये आप्पा लई चांगला माणूस हाय. माझ्या सुनेनं बाटली घेतली त्येंच्याकडून. माझे गुडघे धरलेत म्हणून."

"ते वारलेत," रुद्राणी म्हणाली.

"कोण?"

"हे आप्पा. जूनमध्ये वारले. माझे वडील आहेत ते."

बाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पिशवीतून फोन काढला, सुनेने शिकवलेलं असावं तसं एकेक बोट जपून टेकवत शोधलं आणि फोन तिच्या तोंडासमोर धरला. "कावून असं अभद्र बोलता ओ? आत्ता गाडीत बसताना मी इचारलं त्येंना, गुडघ्याला किती दिवस लागतेत. ह्ये बघा की. आत्ताच उत्तर आलंय."

रुद्राणीने वाचलं. 'तीन महिन्यांत फरक पडेल ताई. काळजी करू नका. मी आहे. तुमचा आप्पा.' खाली वेळ होती, गाडी सुटली तेव्हाची. तिने हात पुढे केला, नीट बघायला, पण बाईने फोन मागे घेतला.

"त्येंच्या खांद्याला बघा," रुद्राणी म्हणाली. तिचा आवाज चढला होता, पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती. "ती पट्टी बघा. बांधलेलं आहे त्यांना. मी होते तिथे. मीच काढलाय तो फोटो."

बाई जागच्या जागी खिडकीकडे सरकली, पिशवी दोघींच्या मधे आणून ठेवली. मग पुढच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत न्हाई," आणि फोन पदराखाली घेतला.